लेम्पीच्या नावाचं पत्र

१

लेम्पी हक्काला वारली त्याला सहा आठवडे झाले होते आणि तिला अजून माती मिळाली नव्हती. एंबर लेक गावाच्या दफनभूमीत फेब्रुवारीत खड्डा खणता येत नाही, जमीन चार फूट खोल गोठलेली असते. हिवाळ्यात गेलेली माणसं तिथल्या दगडी कोठीत ठेवतात आणि मे महिन्यात पुरतात. तिचा नवरा राइनो दर रविवारी त्या कोठीच्या दारापर्यंत जाऊन परत यायचा.

आणि या बाईने मार्च महिन्यात एका पोराचं आयुष्य बुडवलं, असं गाव म्हणायला लागलं.

राइनोला ते कळलं सोमवारी सकाळी. गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर बर्फ सारखा करणारी गाडी तो चालवायचा. कोच ड्वेन मार्कुसनने त्याला आपल्या खोलीत बोलावलं, तेव्हा त्याला वाटलं गाडीच्या पात्याची तक्रार असेल. कोचने दार लावलं, खुर्ची पुढे केली आणि एक कागद हातात ठेवला.

"राइनो, हे तुम्ही बाहेरून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं."

कागद टाइप केलेला होता. वर तारीख वीस जानेवारी.

'मी या पोरांना घरात ठेवते, त्यांना जेवू घालते. मी आजारी आहे आणि हे ओझं घेऊन मला जायचं नाही. सोळा जानेवारीच्या मॅचला मी रिंकमध्ये होते. दुसऱ्या पिरियडमध्ये सतरा नंबर डोक्यावर फळ्यांना आदळला. पाठीवरचं त्याचं लांबलचक नाव मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. घरी आल्यावर मी त्याला स्कोअर विचारला, त्याला सांगता आला नाही. हे त्याने तुमच्यापासून लपवलं. असा मुलगा तुम्ही घ्यावा का, ते तुम्ही ठरवा.'

खाली सही नव्हती. सहीची गरजही नव्हती.

"कॉलेजने डॅरिनला संघात घ्यायचा दिलेला शब्द मागे घेतला," कोच म्हणाला. "पत्र आलं त्यांच्या सहायक कोचला, हॅलस्टेडला. तो म्हणतो, डोक्याला मार लागला याचं काही नाही, पण लपवलं. खोटेपणा चालत नाही म्हणतो."

राइनोने कागद दोनदा वाचला. लेम्पीने वीस वर्षांत अकरा पोरं घरात ठेवली होती. ज्युनिअर लीगमधली पोरं आईबापांपासून हजार-हजार मैल लांब येतात आणि गावातल्या घरांत राहतात. दोन दिवसांत प्रत्येक जण तिला मुम्मू आणि राइनोला उक्की म्हणायला लागायचा. फिनिश घरांत आजी-आजोबांना तेच म्हणतात. मॅचहून आलेल्या प्रत्येकाला लेम्पी दारातच विचारायची, "स्कोअर किती?" ती स्वतः मॅच बघून आलेली असायची. पोरं हसायची, म्हातारीला विसर पडतो म्हणायची. ती त्यांची डोकी तपासते आहे, हे फक्त राइनोला माहीत होतं.

"हे तिने लिहिलेलं नाही," राइनो म्हणाला.

"मग कोणी लिहिलं? तो स्कोअरचा प्रश्न दुसऱ्या कुणाला माहीत होता?"

राइनोने कागदाची घडी करून खिशात घातली.

२

डॅरिन पिलिपचुक कॅनडातल्या सस्कॅचेवानचा. एकोणीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, नाव इतकं लांब की जर्सीवर या काखेपासून त्या काखेपर्यंत जायचं. तो सोळाचा असताना कॉलेजचा सहायक कोच ब्रेंट हॅलस्टेड लेम्पीच्या स्वयंपाकघरात बसून तिचा वेलदोडा घातलेला वेणीचा गोड पाव खात म्हणाला होता, "तुझी जागा पक्की. माझा शब्द." कॉलेजवाले असंच करतात. मिसरूड न फुटलेल्या पोराला शब्द देतात आणि मग त्याला तीन-चार वर्षं ज्युनिअर लीगमध्ये अढीत घालून पिकवतात. पोरगा सगळी दुसरी दारं बंद करून बसतो. कॉलेज एकही बंद करत नाही.

राइनो घरी पोचला तेव्हा डॅरिन बॅग भरत होता.

"संघातल्या केड केस्टरच्या तळघरात एक पलंग रिकामा आहे. तिकडे जातो."

"डॅरिन, बस जरा."

"नाही बसत. उक्की, मी त्या दिवशी स्कोअर विसरलो ते मिनिटभरच. लगेच आठवला. दुसऱ्या दिवशी मार्गीने तपासलं, डॉक्टरने तपासलं, दोघांनी खेळायची परवानगी दिली. इथे मी फक्त मुम्मूला सांगितलं होतं. फक्त तिला!" त्याने बॅगेची चेन इतक्या जोरात ओढली की ती तुटली. "आणि मे महिन्यात तिला उचलायला दुसरा माणूस बघा."

लेम्पीने स्वतःच ठरवून ठेवलं होतं. शवपेटी उचलणारे सहा जण, सगळे तिच्या घरात राहिलेले. डॅरिन सहावा होता.

दार आपटलं.  बायको गेल्यावर घर रिकामं होतं हे त्याने सोसलं होतं. तिला कोणी खोटी म्हणेल, चुगलखोर म्हणेल, आणि ती कोठीत पडून असल्यामुळे तिला एक शब्द बोलता येणार नाही, हे सोसायला तो तयार नव्हता.

रिंकवर येण्याआधी तो बावीस वर्षं खाणीत युनियनचा सुरक्षा-माणूस होता. अपघात झाला की कंपनीचे लोक विचारायचे, चूक कोणाची? राइनो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "तू कुठे उभा होतास?" जागा कळली की खोटं आपोआप उघडं पडतं.

त्याने कोट चढवला.

३

पहिली मार्गी तुओमेला. पोरांची दुखणी बघणारी, पट्ट्या बांधणारी आणि जर्सी धुणारी तीच. ती धुण्याच्या खोलीत होती.

"सोळा जानेवारी. दुसरा पिरियड. तू कुठे होतीस, मार्गी?"

"बेंचच्या मागे, अजून कुठे? तुझ्या बायकोवर मी कधी संशय घेतला नाही हं, हे आधीच सांगते. पण कोणावर घ्यायचा तेही कळत नाही." तिने एक जर्सी झटकली. "डॅरिन आदळला ते मी पाहिलं. तिथेच तपासलं. तारीख, वार, स्कोअर, सगळं बरोबर सांगितलं पोराने. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा तपासलं, डॉक्टरकडेही पाठवलं. लपवायला त्याच्याकडे होतं काय? माझ्या वहीत नोंद आहे."

"कॉलेजने तुझी वही मागितली?"

"मला फोनसुद्धा केला नाही. मी धोबीण ना! त्या दिवशी त्याच्या नाकाचं रक्त धुऊन काढायला मला दोन तास लागले, ते विचारायलाही कोणी येत नाही."

दुसरा रँडी केस्टर. त्याचा मुलगा केड त्याच संघात, बचावाच्या त्याच जागेवर. डॅरिन गेला तर केडचं नाव पुढे येणार, हे गावात सगळ्यांना दिसत होतं. रँडी पेस्टीच्या दुकानात बसला होता, समोर मांस-बटाट्याची गरम पेस्टी.

"बोल म्हाताऱ्या. मीच लिहिलं असं म्हणायला आलायस ना?"

"तू कुठे होतास ते विचारायला आलोय."

"बेंचसमोर, तिसरी रांग. वर्षभर तिथेच असतो, रेफरीला विचार, माझ्या आवाजाने त्याचे कान किटलेत. त्या दिवशी माझ्या केडने दोन गोल केले, आणि तुमच्या त्या भिकार रिंकचा कॅमेरा बंद! थंडीने वायर गेली म्हणे. आठवडाभर बंद. कॉलेजला पाठवायला माझ्याकडे एक चित्र नाही. दोन गोल, राइनो! कोणी बघितलेच नाहीत!" त्याने काटा आपटला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पोरगं माझ्या तळघरात रडतंय. मी इतका नीच नाहीये."

राइनो उठता उठता थांबला. "म्हणजे त्या मॅचचं कुठेही चित्रीकरण नाही?"

"तेच तर सांगतोय मघापासून!"

तिसरा कोच मार्कुसन. त्याने डोळे मिटून उत्तर दिलं. "बेंचवर. आणि नाही, मी हॅलस्टेडला काही सांगितलं नव्हतं. प्रत्येक धक्क्याची बातमी कॉलेजला देत बसलो तर एकही पोरगा वर जाणार नाही. तो मॅचला यायचा होता, आला नाही. ब्रिटिश कोलंबियात होता. तिकडचा एक वीस वर्षांचा बचावपटू बघायला. सहा फूट चार इंच."

"घेतला त्याला?"

"गेल्या आठवड्यात जाहीर केलं." कोच टेबलाकडे बघत राहिला. "गेल्या वर्षी त्यांनी दोन पोरांना दिलेला शब्द मोडला. लीगमधले कोच कुजबुजायला लागलेत. आता कोणी त्यांच्याकडे सहज पोरगा पाठवत नाही."

"पत्राचा लिफाफा कुठाय?"

"मागितला मी. टाकून दिला म्हणाला."

"आणि जानेवारीचं पत्र मार्चमध्ये कसं निघालं?"

"ऑफिसात पडून होतं म्हणे."

"बाई मरेपर्यंत पडून होतं," राइनो म्हणाला.

४

पण रागाने काही सिद्ध होत नाही. खाणीतही होत नसे.

दुपारी राइनोने लेम्पीचं कपाट उघडलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. वह्या तळाशी होत्या, वीस वर्षांच्या, प्रत्येक मॅचचं एक पान. ती मांडीवर घोंगडी घेऊन बसायची आणि पेन्सिलीने लिहायची. राइनो त्या वेळी मागे शेडमध्ये गाडीशी असायचा. सोळा जानेवारी तिची शेवटची मॅच होती. त्यानंतर तिला जिने चढवले नाहीत.

त्याने आधी पानाचा शेवट वाचला. अक्षर वाकडं झालं होतं.

'घरी. स्कोअर विचारला, डॅ. गप्प. घाबरला. मिनिटाने बरोबर सांगितला. उद्या मार्गीकडे जा म्हटलं, कबूल. उक्कीला सांगू नकोस म्हणाला, तो काळजी करतो. सांगणार नाही.'

 तिला माहीत होतं. पत्रातली गोष्ट खरी होती आणि ती तिच्याच अक्षरात लिहिलेली होती. हे पान गावाला दाखवलं तर लोक म्हणतील, बघा, हीच ती.

आणि तिने आपल्यालाही सांगितलं नव्हतं. हे त्याला पत्रापेक्षा जास्त लागलं. त्याने वही मिटली, पुन्हा उघडली. पोराला दिलेला शब्द तिने नवऱ्याशीही मोडला नव्हता. ती बाई परक्या माणसाला पत्र लिहील?

मग त्याने पान वरून वाचायला सुरुवात केली, ओळीन्‌ ओळ, जसा तो खाणीतले जबाब वाचायचा. पहिला पिरियड. तिसरी ओळ.

ती ओळ वाचून तो इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे पडली.

५

हॅलस्टेड शनिवारी गावात आला. प्लेऑफची मॅच दुपारी दोनला होती. आता त्याला केड केस्टर बघायचा होता. सकाळच्या सरावानंतर राइनोने कोचला सांगून सगळ्यांना धुण्याच्या खोलीशेजारच्या बैठकीत बोलावलं. मार्गी, रँडी, कोच, आणि दाराशी टेकलेला डॅरिन, मान खाली.

हॅलस्टेडच्या अंगावर कॉलेजचं जाकीट होतं. त्याने राइनोचा हात दोन्ही हातांत धरला. "मिस्टर हक्काला, तुमच्या दुःखात सहभागी आहे. फार प्रामाणिक बाई होत्या. त्यांनी जे केलं ते धाडसाचं होतं."

"बस," राइनो म्हणाला. "मी पत्र वाचतो. दोनच वाक्यं. 'दुसऱ्या पिरियडमध्ये सतरा नंबर डोक्यावर फळ्यांना आदळला. पाठीवरचं त्याचं लांबलचक नाव मी माझ्या डोळ्यांनी वाचलं.'" त्याने कागद खाली ठेवला. "आता मी प्रत्येकाला एकच विचारणार. त्या दुसऱ्या पिरियडमध्ये डॅरिनच्या पाठीवर कोणता नंबर होता? मार्गी?"

"एकोणचाळीस," मार्गी म्हणाली, आणि तिचा हात तोंडावर गेला. "अरे देवा!"

"रँडी?"

"एकोणचाळीस. बिननावाची. पहिल्या पिरियडमध्ये याचं नाक फुटलं, जर्सी रक्ताने भरली, रेफरीने बदलायला हाकललं. माइकवरचा माणूस म्हणाला नव्हता का, एक अनोळखी पाहुणा मैदानात आलाय म्हणून? सगळं रिंक हसलं होतं."

"ड्वेन?"

"एकोणचाळीस." कोच हळूहळू हॅलस्टेडकडे वळला.

राइनोने वही उघडली. "लेम्पीने त्याच वेळी लिहिलंय. 'डॅ.चं नाक. रक्त. मार्गीने राखीव जर्सी दिली, ३९. पाठीवर नाव नाही, पोरगं अनाथ दिसतंय.' त्या दिवशी या रिंकमध्ये जो होता, त्याने सतरा नंबर आदळताना पाहिलाच नाही. नाव वाचलंच नाही. पाठीवर नावच नव्हतं. म्हणजे पत्र लिहिणारा इथे नव्हता. लेम्पी नाही, रँडी नाही, या खोलीतलं कोणीही नाही. चित्रीकरणही नव्हतं, की घरी बसून बघावं."

"एका नंबरावरून तुम्ही काय..." हॅलस्टेड हसला. "स्कोअरशीटवर सतराच लिहिलंय."

कोच हॅलस्टेडच्या समोर येऊन उभा राहिला. 

"हो, सतराच आहे," कोच म्हणाला. "शीट लिहिणारा नंबर बदलायला विसरला. पण तू तर म्हणालास पत्र आलं ते तसंच पुढे पाठवलं. सोळा जानेवारीची स्कोअरशीट तू कशाला काढून बघितलीस, ब्रेंट?"

"आम्ही खात्री करतोच..."

"खात्री करायची तर मला फोन का नाही केला?" मार्गी उसळली. "माझी वही का नाही मागितलीस?"

राइनोने हात वर केला. "अजून एक गोष्ट राहिली. स्कोअरचा प्रश्न. तो न बघता कोणालाच सुचणार नाही. डॅरिन, तू म्हणालास 'इथे मी फक्त मुम्मूला सांगितलं.' इथे. आणि इथल्या बाहेर? दर रविवारी पाचला तू लाकडांच्या ढिगाभोवती फेऱ्या मारत फोनवर बोलायचास. कोणाशी?"

डॅरिनने मान वर केली. 

"तुमच्याशी," तो हॅलस्टेडला म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी. मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. मुम्मूने स्कोअर विचारला, मिनिटभर आठवला नाही, आता डॉक्टरकडे जातोय. तुम्ही म्हणालात, शाब्बास, असाच खरं सांगत जा." त्याचा आवाज फाटला. "मी लपवलं नाही. मी तुम्हालाच सांगितलं होतं! पत्र तुम्हाला आलं म्हणून तुमचा विचारच आला नाही मनात."

"तेच त्याला हवं होतं," राइनो म्हणाला. "ज्याच्या पत्त्यावर पत्र येतं त्याच्याकडे कोण बघतो?"

हॅलस्टेडने जाकिटाची चेन वर ओढली. चेहऱ्यावरचं दुःख केव्हाच गेलं होतं. "हे बघा, सही कशावरच झालेली नव्हती. तोंडी शब्द होता. कारण न देताही आम्ही तो मागे घेऊ शकत होतो. सगळेच घेतात."

"मग घ्यायचा होतास!" राइनो ओरडला. इतक्या वर्षांत त्याला ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. "मोठा बचावपटू मिळाला, तू नकोस, असं पोराच्या तोंडावर सांगायचं होतंस. पण मग तिसऱ्यांदा शब्द मोडला म्हणून तुमचं नाव खराब झालं असतं. म्हणून पोराला खोटारडं केलंस. आणि त्याला बोलायला तोंड आहे, म्हणून जिला तोंड उरलं नाही तिच्या नावावर घातलंस. माझ्या घरात बसून तिच्या हातचं खाल्लंस रे तू! शब्द मोडायचा होता तर मोडायचास. माझ्या बायकोच्या तोंडून का मोडलास?"

 रँडी केस्टर उठला आणि दार उघडून उभा राहिला.

"केडला बघायला आलायस ना? नको बघूस. माझा पोरगा तुझ्याकडे येणार नाही."

"दोन गोल करणारा असला तरी," मार्गी पुटपुटली.

"दोन गोल करणारा असला तरी!"

कोचने फोन उचलला होता. "मी तुमच्या मुख्य कोचला पत्र आणि वहीचं पान पाठवतो, ब्रेंट. आणि लीगमधल्या उरलेल्या कोचनाही. तू मॅचला थांबू नकोस. या रिंकमध्ये तुला जागा नाही."

६

डॅरिनची जागा परत मिळाली नाही. ती सहा फूट चार इंचांच्या पोराला गेली होती आणि त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता. मुख्य कोचचं दोन ओळींचं उत्तर आलं: झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो, चौकशी करू. खेद कोणाला वाटतो ते त्यात लिहिलेलं नव्हतं. मार्कुसनने पूर्वेकडच्या एका लहान कॉलेजला फोन लावला. तिथला कोच म्हणाला, येऊन बघतो. राइनोने मार्कुसनला बजावलं, या वेळी तोंडी काही घ्यायचं नाही, कागद आण.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी मॅच संपल्यावर राइनोने बर्फ सारखा केला, गाडी आत लावली आणि घरी येऊन चुलीवर मटाराचं सूप ठेवलं. बाहेर अजून ऊन होतं. रिंकमध्ये तो वही मांडीवर घेऊन बसला होता. एका नव्या पानावर त्याने तारीख घातली होती, गोल लिहिले होते, आणि कोणाचं नाक फुटलं तेही.

पायऱ्यांवर जड बुटांचा आवाज आला. दार उघडलं. डॅरिन उंबऱ्यात उभा होता, खांद्यावर तुटक्या चेनची बॅग. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

राइनोने डाव हातात धरूनच मागे बघितलं.  हा प्रश्न त्याने आयुष्यात कधी विचारला नव्हता.

"स्कोअर किती?"

पोराचा चेहरा क्षणभर वाकडातिकडा झाला.

"चार-तीन," तो म्हणाला. "आपण जिंकलो." त्याने बॅग खाली ठेवली आणि बूट काढायला वाकला, त्यामुळे पुढचं तो जमिनीकडे बघत बोलला. "उक्की, मे महिन्यात तारीख कोणती धरलीय?"

"तेवीस. सकाळी दहा."

"मी डाव्या बाजूला, पुढे," डॅरिन म्हणाला. "डोक्याकडे."

राइनोने दुसरी ताटली मांडली.